गुरुवारची गाडी

आजींच्या गाडीकडे कोणी कधी मान वळवून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. बदामी रंगाची, चार दारांची, वापरून कडा झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गाडी. एकेकाळी जपानात घरटी अशी एक असायची म्हणे. आम्ही टोकियोजवळच्या उरायासुला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्येच तशा तीन-चार होत्या. एकदा मी आजींची भाजीची पिशवी उचलून भलत्याच गाडीशी जाऊन उभी राहिले होते आणि डिकी उघडत नाही म्हणून चिडतही होते.

आजी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या जपानी बाई. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर ओसाकाला. माझी जपानी बाजारहाटापुरती होती, पण आजी हळू बोलायच्या, मी हातवारे करायचे आणि आमचं जमायचं. अगदीच अडलं तर माझी मुलगी होती. ती माझ्याशी मराठीत भांडायची आणि आजींशी जपानीत लाडात बोलायची.

भूकंप झाला तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. आमच्याकडची जमीन भराव घालून केलेली. ती हादरली आणि रस्त्यांतून राखाडी चिखल उकळल्यासारखा वर आला. नळ कोरडे पडले. नवरा टोकियोत बँकेत, तो दुसऱ्या दिवशी पायी पायी घरी पोचला. सासूबाई फोनवर रडत होत्या, सगळं सोडून परत या म्हणत होत्या, आणि पुष्कळ जण गेलेही. आजींनी मात्र फावडं घेतलं, चिखलात रुतलेली गाडी मोकळी केली आणि माझं दार वाजवलं. त्यानंतर पाणी येईपर्यंत त्या मला आणि पोरीला घेऊन कुठे पाणी मिळेल तिथे जात होत्या. डिकीत कॅन, मागे पोरगी, पुढे मी जीव मुठीत धरून बसलेली. मी तेव्हा का राहिले याची मोठमोठी कारणं मी नंतर लोकांना ऐकवली आहेत. खरं कारण एवढंच होतं की खालच्या मजल्यावर आजी होत्या आणि आजींकडे गाडी होती.

पुढे सगळं सुरळीत झालं. आजी आठवडाभर सायकलनेच फिरायच्या. गाडी निघायची ती फक्त गुरुवारी. डोक्यावर टोपी, हातांत गाडी चालवायचे पांढरे हातमोजे. चिबा प्रांताच्या पार आतल्या खेड्यात त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. तिच्या गावाला ट्रेन नाही, आणि बस म्हणजे असून अडचण नसून खोळंबा. सकाळी गेलेल्या आजी संध्याकाळी परत यायच्या आणि माझ्या दाराशी पिशवी ठेवायच्या. त्यात बहिणीच्या शेतातली रताळी आणि भुईमुगाच्या शेंगा. माझा गुरुवारचा उपास! दत्तगुरूंनीच योजना केल्यासारखी ती पिशवी यायची. मी त्या बहिणीला तोवर पाहिलंही नव्हतं, पण माझा उपास तिच्या शेतावर चालला होता.

मुलगी शाळेत जाऊ लागली त्या सुमारास एकदा आजींनी गाडी मागे घेताना खांबावर टेकवली आणि मागच्या दिव्याची लाल काच फुटली. एवढंसं झालं, पण नेमकी तपासणी तोंडावर आलेली. जपानात दर दोन वर्षांनी गाडीला परीक्षेला बसवावं लागतं. शाकेन म्हणतात तिला. नापास झाली की रस्त्यावर आणायची नाही. आजी गॅरेजमध्ये निघाल्या तेव्हा मी आणि मुलगी सोबत गेलो.

गॅरेजवाल्याने कमरेत वाकून सांगितलं की या गाडीची काच कंपनीने केव्हाच बनवायची बंद केली आहे. जुन्या गाड्या मोडतात तिथेही मिळायची नाही.

"पण ही गाडी तर सगळ्यांकडे होती," मी म्हटलं.

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि मुलगी मला मराठीत सांगत गेली. देखण्या, पळणाऱ्या गाड्या शौकीन लोक जपतात, त्यांचे सुटे भागही साठवतात. साधी गाडी कोण जपणार? तिचं वय झालं की कर वाढतो, तपासणीला खर्च येतो, मग लोक नवी घेतात. चालणाऱ्या जुन्या गाड्या जहाजात चढतात आणि आफ्रिकेला जातात, न चालणाऱ्या चेपल्या जातात. मी मनातल्या मनात आमचं पार्किंग पाहिलं. खरंच की! त्या तीन-चार गाड्या कधी गेल्या ते मला कळलंही नव्हतं.

मी हार मानणाऱ्यातली नाही. म्हटलं, लाल जिलेटीन पेपर आणि चिकटपट्टी लावू, आमच्या डोंबिवलीत अशा दिव्यावर गाड्या वर्षानुवर्षं चालतात. मुलीने हे भाषांतर करायला साफ नकार दिला. "आई, प्लीज," एवढंच म्हणाली. मग मी हातवाऱ्यांनी सांगितलं. तो भला माणूस इतका हादरला की पुन्हा एकदा वाकला.

परत येताना आजी शांतपणे म्हणाल्या, "आता पुरे. या वयात नवी गाडी शिकायची नाही मला. ही थांबली की मीही लायसन्स परत करणार. मुलालाही तेच हवंय."

"आणि तुमच्या ताई?" मी विचारलं.

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही.

त्या दिवशी मला जो राग आला तो कोणावर, ते आजही सांगता येणार नाही. चार बोटांच्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी दोन म्हाताऱ्या बहिणींची भेट बंद व्हावी, हे मला पटेना. नवरा म्हणाला, "अगं, प्रॅक्टिकल विचार कर. ऐंशीला आलेल्या बाईने गाडी चालवावी तरी का?" त्याचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मी त्याच्याशी बोलले नाही.

आफ्रिका हा शब्द डोक्यात फिरत होता. भांडी विसळताना एकदम आठवलं की माझा मावसभाऊ दार-ए-सलामला नोकरीला आहे. त्याला आजींच्या गाडीचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "ताई, हा कसला फोटो पाठवलास? मी याच गाडीतून ऑफिसला जातो! आमच्या गल्लीत सगळ्या ह्याच आहेत." आणि काच? तो हसायला लागला. म्हणे, बाजारात ढीग पडलेत, डावी हवी की उजवी?

मग आपली माणसं कामाला लागली. जगाच्या पाठीवर कुठेही असो, आपल्याकडे वस्तू पोस्टाने जात नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर जाते. भाऊ गणपतीला घरी येणार होता, त्याने काच डोंबिवलीला सासूबाईंकडे पोचवली. टोकियोच्या एदोगावा भागातलं एक मराठी कुटुंब सुट्टीवरून परतणार होतं, त्यांच्या बॅगेत सासूबाईंनी ती कोंबली. फुटू नये म्हणून जुन्या सुती साडीत गुंडाळली, आणि आता जागा आहेच तर म्हणून भोवती गोडा मसाला आणि कुळथाचं पीठ. तोवर आजींची गाडी तपासणीची मुदत उलटून पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली, आणि गुरुवारी आजी बहिणीशी फोनवर बोलायच्या. दोघींना कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांचं बोलणं आमच्या मजल्यापर्यंत पोचायचं.

काच पाहून आजी आधी हसल्या आणि मग खुर्चीवर बसून रडल्या. गॅरेजवाल्याने ती दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट करून पाहिली, हुंगली, आणि मुलीला हळूच विचारलं की आफ्रिकेचा वास असाच असतो का. मुलगी म्हणाली, "नाही, डोंबिवलीच्या आजीचा."

गाडी पास झाली.

पहिल्या गुरुवारी मीही बरोबर गेले. थोरली बहीण रस्त्यापर्यंत येऊन उभी होती. दोघींनी मिठी मारली नाही की हात धरले नाहीत. एकमेकींना वाकून नमस्कार केला, आणि मग थोरलीने धाकटीला यायला उशीर केल्याबद्दल जे झापायला सुरुवात केली ती जेवणापर्यंत. मला तिथे इतकं घरच्यासारखं वाटलं की मीही मध्ये तोंड घातलं.

गाडीला दोन वर्षं मिळाली होती. दुसऱ्या हिवाळ्यात थोरली गेली, रात्री झोपेतच. आदल्याच गुरुवारी दोघींनी मिळून मुळे दोरीला बांधून वाळत घातले होते. ते आजींनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मुळे किती छान झाले होते, ताईने गाठी कशा मारल्या, आणि आपल्या गाठी पुन्हा सोडून कशा नीट केल्या.

तपासणीची तारीख जवळ आली तेव्हा मी खाली गेले. म्हटलं, गॅरेजला मी येते सोबत, काही लागलं तर भाऊ आहेच.

"नको," आजी म्हणाल्या.

"का? काही बिघडलंय का?"

"काही नाही. गाडी उत्तम आहे."

गाडी न्यायला आलेल्या माणसानेही तेच विचारलं. त्याने इंजिन ऐकलं, दारं उघडून पाहिली, आणि जरा चकित होऊन म्हणाला की चांगली ठणठणीत आहे, का काढताय? आजी म्हणाल्या, "तिचं काम झालं." त्याला ते कळलं नसावं. मला कळलं, आणि मी उगाचच जिन्यातला दिवा चालू-बंद करत उभी राहिले. साध्या गाड्या रस्त्यावरून का जातात हे मी तोवर येईल त्याला सांगत होते, कर, सुटे भाग, जहाजं. ते सगळं खरंच आहे. पण ह्या गाडीचं तसं काहीच नव्हतं. तिला जायला जागाच उरली नव्हती.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी साबुदाणा परतत होते. बेल वाजली. दारात आजी. डोक्यावर टोपी, हातात पर्स, आणि हातांत ते पांढरे मोजे.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "पण गुरुवार आहे ना."

मी गॅस बंद केला आणि बूट शोधायला लागले.