शेजाऱ्याचं रान

संपतराव गेल्याचा फोन आला, तेव्हा सांगलीतल्या आमच्या हॉस्पिटलात मी सवयीप्रमाणे कुणावर तरी ओरडत होते. पलीकडून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "मॅडम, हे सकाळी उठलेच न्हाईत..." मला काही सुचेना. महिना होऊन गेला, अजून सुचत नाही.

आमच्याकडे मेंदूतल्या गाठीवर एकाच बैठकीत किरणांचा मारा करतात. डॉक्टर मी; पण किरण कुठल्या कोनातून, किती सोडायचे, हे गणित संपतरावांचं. माणूस रहिमतपूरचा, घरचा ऊस. कॉलेजात असताना सुट्टीत त्यांनी उसात तणनाशक मारलं, वारा काही बघितला नाही, आणि शेजाऱ्याच्या रानातली वांगी पार आखडून गेली. "आमचा ऊस लय झकास आला हुता मॅडम," ते सांगायचे, "पण शेजारी परत दारात आला न्हाई." तेव्हापासून गाठीजवळ जे काही नाजूक असेल, त्याला ते 'शेजारी' म्हणायचे. आणि त्या शेजाऱ्यापायी तासन्‌तास कॉम्प्युटरसमोर बसायचे. मला त्याचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू?

औंधच्या शालनताई आल्या त्या दिवशी तर आमचं चांगलंच वाजलं. शिवणकामावर पोट असलेली बाई. एक डोळा लहानपणीच गेलेला, आणि गाठ नेमकी उरलेल्या डोळ्याच्या नसेला खेटून. किरणांच्या वेळी डोकं तसूभरही हलू नये म्हणून डोक्याला स्क्रूंनी चौकट बसवून त्या बाहेर बाकावर थांबलेल्या. कॉम्प्युटरनं प्लॅन दिला, सगळे आकडे मर्यादेत. मी सहीला पेन काढलं.

"थांबा मॅडम. शेजाऱ्याकडं फवारा चाललाय."

"मर्यादेत आहे ना?"

"दोन डोळंवाल्याची मर्यादा हाय ती."

मी भडकले. "ती बाई चौकट घालून ताटकळलीय, जरा माणुसकी दाखवा!" ते कोन बदलत राहिले. मी तरातरा बाहेर गेले, शालनताईंना म्हटलं, उशीर होतोय. तर त्याच मला म्हणाल्या, "आवं, डोस्कं माजं, डोळा माजा. तुमाला कसली घाई?"

तीन तासांनी नवा प्लॅन आला. गाठीला पुरेपूर मात्रा, नसेला आधीच्या जेमतेम निम्मी. मी मुकाट सही केली. चुकलं माझं, एवढं म्हणायला हवं होतं. म्हणू कधीतरी, असं वाटलं... राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात शालनताई तपासणीला आल्या. पिशवीतून त्यांनी खुर्चीवर घालायची गादी काढली, चिंध्या जोडून शिवलेली. "सायबास्नी द्या. लय वेळ बसत्यात म्हनं. कवा येणार हायत?"

मी सांगितलं. बाई हमसून हमसून रडल्या. पेशंटसमोर मी कधी रडत नाही. त्या दिवशी रडले.

गादी आता संपतरावांच्या खुर्चीवर आहे. येता-जाता मी तिच्यावरून बोट फिरवते. केवढे बारीक बारीक तुकडे जोडलेत बाईनं, आणि टाका एकही वाकडा नाही.