मूठभर बघून गाव सांगणारं भावजी

आमच्या भावजींनी उभ्या जल्मात कुठलीच गोष्ट आख्खी बघितली न्हाई. माज्या मालकांचं हे धाकलं भाऊ. साताऱ्याला कालिजात आकड्यांचा कसला तरी इषय शिकवायचं, आन् त्यो इषय त्यांच्या अंगातच शिरल्याला. मूठभर बघायचं आन् पोतंभर सांगायचं. आता शितावरनं भाताची पारख आमी बायका रोजच करतो. पर भावजी आष्ट्याला आमच्याकडं आलं की चुलीम्होरं बसून एक शीत वरनं काढायचं, एक कडंचं, एक बुडातलं. "वैनी, वरचं शीत लबाड असतंय," म्हणायचं. तवर भाताचा पार गोळा.

बाजारात शेंगा घ्यायला गेलं की खांद्यापातूर हात पोत्यात. ब्यापारी वरडायचा, "आवं सर, शेंगा घेताय का आंगूळ करताय?" भावजींचं लक्षच न्हाई. तळातनं मूठ काढायची, फोडून बघायची आन् सांगायचं, "शंभरात आठ किडक्या. दोन-तीन हिकडं-तिकडं." ते हिकडं-तिकडं त्यांच्या तोंडातनं कवा सुटलं न्हाई. मालक चिडवायचं, "आरं, सरकार तुला पगार देतंय ते हिकडं-तिकडं करायलाच व्हय रं?" भावजी हसायचं बी न्हाईत. "दादा, नेमका आकडा सांगतोय त्यो थापाड्या." लग्नात तर पयल्या पंगतीतलं चार, शेवटच्या पंगतीतलं चार, असं धरून धरून आमटीत मीठ कसं हाय इचारायचं. एकदा आचारी पळी घिऊनच अंगावर आल्याला.

मालक गेलं आन् लेकीचं लगीन माज्या एकटीवर पडलं. पाटणाकडनं स्थळ आलं. आमच्यात मुलीकडच्या माणसानं गावात जाऊन गुपचूप चौकशी करायची पद्धत हाय. भावजी म्हणालं, "मी जातो. हे माजंच काम हाय." यष्टीनं गेलं, गावच्या पारावर बसलं, आल्या-गेल्याला इचारलं, पोरगं कसं हाय. परत आलं ते हसतच. त्यांचं दात मी तवाच बघितलं. "वैनी, शंभरात नव्वद चांगलं म्हणत्यात. दोन-चार हिकडं-तिकडं. डोळं झाकून द्या."

दिली. पोरगं दारू पीत हुतं. पोरीची पाठ बघितली तवा मला कळलं. रडून काय हुतंय? यष्टीत बसलो, तिला आन् तिच्या तान्ह्या लेकराला घिऊन आलो. पुन्ना धाडली न्हाई.

भावजी मातर एकटंच त्या गावाला गेलं. पारावर न्हाई, नळावर. तितं एका म्हातारीनं त्यांस्नी सांगितलं, "आवं, त्यो पार त्यांच्या भावकीचा. दुसऱ्या आळीचं कोण तितं टेकत बी न्हाई. आन् बायका कवा पारावर बसत्यात का? समद्या गावाला ठावं हुतं. तुमी आमाला इचारलं कुटं?" माज्या दारात आलं ते पायरीवरच बसलं. आत या म्हणलं तर येईनात. "वैनी, पोतं न हलवताच मूठ घेतली मी," येवढंच बोललं.

तवापास्नं माज्या घरात त्यांनी आकडा म्हणून काढला न्हाई. भात म्होरं आला की गपगुमान जेवायचं. कच्चा असला तरी. मला त्यो गपपणाच जास्त खुपायचा. माणूस हुता तसा तरी ऱ्हावा.

लेक आता मशिनीवर झंपर शिवती, तिचं पोरगं साळंला जातं. परवा भावजी आलं हुतं. आता काठी लागती त्यांस्नी. लेक मशीन थांबवून म्हणाली, "काका, लय दिस झालं, एक आकडा सांगा की. शंभर बायका घेतल्या तर माज्यावानी किती निगतील?"

मी च्या गाळत हुतो, हात तितंच थांबला.

भावजींनी काठी भितीला टेकवली. मग म्हणालं, "बाय, कुणाला इचारलं त्यावर हाय ते."

"मग मला इचारा. कवा इचारलंच न्हाई तुमी."

भावजींनी मान वर केली. "बरी हायस का गं?"

"हाय," ती म्हणाली, आन् पुन्ना मशिनीवर पाय ठिवला.

त्या एका सबुदावर किती भरवसा ठिवायचा, ते काय भावजींनी सांगितलं न्हाई. दोनी हातात च्याचा गिलास धरून बसलं. च्या निवला, तरी बसलंच हुतं.