दोन सीटची गाडी, दोन भाऊ आणि शाळेच्या व्हॅनचं इंजिन

इंजिन चेन-पुलीला अर्धवट लटकलेलं होतं. मी खालून हात घालून एक गंजलेला नट सोडवत होतो, आणि खिशातला फोन वाजला. पिंपळगाव राजाहून दादासाहेब.

"इंजिनिअरसाहेब, इंजिन काढू नका बरं. माह्या बाबानं घेतलेलं इंजिन हाये ते. तेच दुरुस्त करा."

बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. तो खिशात जायच्या आत पुन्हा वाजला. हाही पिंपळगाव राजाहूनच, त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यातून. धाकटे बापू.

"ते धूड अजून काढलं नाई काय? भंगारात घाला अन् नवं टाका. अन् दादा काही म्हनला तं ऐकू नका."

इंजिन हवेत हळूहळू फिरत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचंही माझ्यासारखंच झालं होतं, ना वर ना खाली.

माझं गॅरेज वडनेर भोलजीला, हायवेला लागून. आधी बरीच वर्षं पुण्याला एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला होतो. तिथे इंजिनं बोलत नाहीत आणि त्यांचे मालकही समोर येत नाहीत. गावी परत आल्यावर कळलं की गॅरेजच्या धंद्यात गाडी हा सोपा भाग असतो.

ही गाडी मात्र खास होती. विलायती, दोन दारांची, टप खाली पाडता येणारी, हिरवी स्पोर्ट्स कार. सीट दोनच. दादासाहेबांच्या वडिलांनी ती खामगावच्या एका जिनिंग मिलवाल्याकडून घेतली होती. बैलगाड्यांच्या रस्त्यावर जमिनीला पोट घासत चालणारी गाडी त्यांनी का घेतली, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. विचारायची हिंमत तेव्हा कोणाची नव्हती, आणि नंतर ते राहिले नाहीत.

वडील गेल्यावर शेतीच्या वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली, पण गाडी सामाईक राहिली. मग एकदा खामगावहून परत येताना ती रस्त्यात बंद पडली. दादासाहेब चालवत होते, बापू शेजारी बसले होते. बॉनेटखाली मोठा धडाका झाला आणि इंजिन जागीच मेलं. बापूंनी रेडिएटरमध्ये पाणी भरलं नाही म्हणून असं झालं, असं दादासाहेबांचं म्हणणं. समोर मीटरचा काटा लाल झालेला दिसत असताना दादांनी गाडी हाकली, असं बापूंचं म्हणणं. दोघं पायी घरी आले, रस्त्याच्या दोन बाजूंनी. तेव्हापासून बोलचाल बंद. गाडी गोठ्यात गेली आणि तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या.

ती बाहेर काढली त्यांच्या मोठ्या बहिणीने. या आक्का जळगाव जामोदला दिलेल्या. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा त्यांनी दोन्ही भावांना एकच निरोप धाडला, की बाबांच्या गाडीत बसून दोघं मिळून या, नाहीतर कोणीच येऊ नका. दोघं भाऊ जगात कोणाला घाबरत असतील तर आक्काला. म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती गाडी माझ्याकडे आली. दादासाहेब ट्रॅक्टरवर बसून आले, बापू मागून मोटरसायकलवर.

आता इंजिनाचं सांगतो. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. तो ज्या दांड्याने फिरत्या शाफ्टला जोडलेला असतो, त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. या इंजिनातला एक रॉड इंजिनाचं बाहेरचं कास्टिंग, म्हणजे ब्लॉक, फोडून बाहेर आला होता. भोकातून माझी मूठ आत जात होती. याला दुरुस्ती नसते. दुसरा ब्लॉक शोधायला मी मुंबईपासून कोइमतूरपर्यंत फोन केले. एकाने तर मलाच विचारलं, की तुमच्याकडे असेल तर द्या, गिऱ्हाईक आहे.

उरला एकच मार्ग, इंजिन स्वॅप. जुन्या गाडीत आजचं इंजिन. बापूंचं म्हणणं आपोआप खरं ठरलं, पण ते त्यांना सांगायची माझी इच्छा नव्हती.

कुठलंही इंजिन कुठेही बसत नाही. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. या गाडीत ते लांबीत बसायचं आणि मागची चाकं फिरवायचं. तशी मांडणी आपल्याकडे छोट्या व्हॅनमध्ये मिळते. मलकापूरकडे अशी एक व्हॅन मागून चेपून उभी होती, इंजिन, गिअरबॉक्स आणि कागदपत्रं ठणठणीत. मी तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही उचललं. ताकदीची काळजी नव्हती. जुन्या स्पोर्ट्स कार धावायच्या त्यापेक्षा त्यांचा आवाजच जास्त धावायचा. आजची व्हॅन त्यांना चढावर सहज मागे टाकेल.

हे मी दादासाहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हॅन म्हंजे शाळेच्या पोट्ट्यायची?"

"तसलीच."

"पिवळी?"

"पिवळीच होती. पण इंजिन पिवळं नसतं, दादासाहेब."

वडिलांची स्पोर्ट्स कार, आणि आत शाळेच्या व्हॅनचं काळीज. शेवटी त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. चोक पाहिजे. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर चोकचं बटण असायचं. सकाळी ते ओढलं की थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळायचं. किती ओढायचं आणि कधी सोडायचं यात कसब होतं, आणि घरात ते फक्त आपल्याला आणि बाबांना जमायचं, असं दादासाहेबांचं मत होतं. आजच्या इंजिनाला चोक नसतो. हे हिशेब ईसीयू नावाची कॉम्प्युटरची डबी करते. पण मी म्हणालो, बसवतो.

बापूंची अटही आली. त्यांना चोक-बिक नको होता. चावी फिरवली की गाडी सुरू. मी त्यांनाही हो म्हणालो. पुण्याला असताना मी कोणालाही एवढ्या लवकर हो म्हणत नसे.

काम मजेत चाललं. इंजिनाला पाय ठेवायला नवे माउंट वेल्ड केले. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट खामगावला लेथवर कापून आणला. आरटीओची परवानगी मी आधीच मागितली होती, कारण इंजिन बदललं की आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. तपासणीला आलेले साहेब गाडीभोवती दोनदा फिरले, खाली वाकून इंजिन नंबर वाचला, व्हॅनचे कागद बघितले आणि गंभीरपणे विचारलं, "यात मुलं कुठं बसवणार?" ते विनोद करताहेत हे मला त्यांची जीप निघून गेल्यावर कळलं.

खरी मारामारी झाली विजेशी. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं आणि लगेच बंद पडलं. पुन्हा तेच. सुरू, बंद. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती. डोकं खाजवून कळलं की ईसीयूला आपण चोरीला गेलोय असं वाटत होतं. आजच्या गाड्यांच्या किल्लीत एक चिप असते. तिची ओळख पटली नाही की ईसीयू इंजिन बंद करून टाकतो. आणि दादासाहेबांना तर बाबांचीच पितळी किल्ली हवी होती. मग मी व्हॅनच्या किल्लीतली चिप काढून डॅशबोर्डच्या आत, ती वाचणाऱ्या कॉइलजवळ कायमची चिकटवली. ईसीयूची समजूत पटली की आपण अजून व्हॅनमध्येच आहोत आणि रोज शाळा भरते आहे. इंजिन असं शांत चालायला लागलं की बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी लागे.

चोकचं बटणही त्याच्या जुन्या जागी बसवलं. ते छान बाहेर यायचं, छान आत जायचं. मागे ते कशालाच जोडलेलं नव्हतं. कशाला जोडलंय हे दादासाहेबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गाडी न्यायच्या आदल्या दिवशी दादासाहेबांचा फोन आला, की जुनं इंजिन धुऊन ठेवा, मी ते ओसरीवर ठेवणार. म्हणून मी ते पहिल्यांदा पूर्ण उघडलं. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, सम्प. त्यात तेल ओढून घेणारी एक जाळी असते. त्या जाळीच्या तोंडात एक फडकं घट्ट बसलं होतं. काळं, कडक, चामड्यासारखं झालेलं. शाफ्टवरच्या बेअरिंगा कोरड्या तापून निळ्या पडल्या होत्या. म्हणजे तेलच वर पोचत नव्हतं. गाडी बंद पडायच्या आधी कुणा तरी मिस्तरीने इंजिन उघडलं असणार, हात पुसून फडकं आत विसरला असणार. पाण्याचा संबंध नव्हता. काट्याचाही नव्हता. दादासाहेब निर्दोष, बापू निर्दोष.

मला फार आनंद झाला. इतक्या वर्षांचं भांडण एका फडक्याने मिटणार, आणि मिटवणारा मी. मी ते फडकं पांढऱ्या कागदावर मांडून ठेवलं. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नको दाखवू." मी कारण विचारलं, तर म्हणाली, "त्यायनं विचारलं काय तुले?"

दुसऱ्या दिवशी दोघं आले. कडक इस्त्रीचे सदरे, डोक्यावर टोप्या, एकमेकांकडे पाठ. गाडी हिरवीगार चमकत उभी होती. दादासाहेबांनी तिच्या दारावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बापू नजर चुकवून टायर बघत राहिले. ती वेळ चांगली वाटली, म्हणून मी फडकं पुढे आणलं आणि जाळी, तेल, बेअरिंग सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, "तेव्हा चूक तुमच्या दोघांपैकी कोणाचीच नव्हती."

मला वाटलं, आता डोळे पुसतील.

बापूंनी फडकं चिमटीत उचललं, उलटसुलट बघितलं आणि खाली ठेवलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्या भावाकडे वळले.

"दादा, याले इंजिनातलं काही समजत नाई."

"मलेबी तेच वाटून राह्यलं," दादासाहेब म्हणाले. "फडक्यानं कुठं इंजिन फुटते काय. पानी नव्हतं म्हनून फुटलं."

"पानी होतं. तू काटा पाह्यला नाई."

"काटा काऊन पाहू? पानी भरनाऱ्यावर भरोसा होता माहा."

"मी सकाळी भरलं होतं. विहिरीवरून बादली आनली होती."

"बादली म्हशीसाठी आनली होती तू."

दोघं समोरासमोर उभे राहून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलत होते. मी मध्ये फडकं घेऊन उभा. बेअरिंग निळी का पडते हे पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, तर दोघांनी एकदमच हात वर करून मला थांबवलं.

उशीर होत होता. दादासाहेब स्टिअरिंगवर बसले. बापूंनी माझ्या नळावरून पाण्याची मोठी कॅन भरून घेतली. मागे डिकीत जागा होती, पण त्यांनी कॅन मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली. यावेळी पाण्याचा आळ येणार नव्हता. दादासाहेबांनी बाबांची किल्ली लावली, चोकचं बटण मोजून अर्धं ओढलं, डोळे किंचित मिटले आणि किल्ली फिरवली. इंजिन ताबडतोब सुरू झालं.

"चोक बराबर ओढला तं असं सुरू होते," ते म्हणाले.

"चावी फिरवली म्हनून सुरू झालं," बापू म्हणाले.

गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली. जुनं इंजिन असतं तर त्याच्या आवाजात दोघांना एकमेकांचा शब्द ऐकू आला नसता. व्हॅनचं इंजिन इतकं गुपचूप चालत होतं की गाडी वळणाआड जाईपर्यंत मला बादली, काटा, म्हैस सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

दुपारी आक्कांचा फोन आला. दोघं पोचले होते. भांडत आले, भांडत उतरले, ओवाळून घेतानाही भांडत होते. मी दिलगिरी व्यक्त करायला लागलो, तर आक्का म्हणाल्या, "राहू द्या हो. निदान बोलून तं राह्यले. मी तेवढंच मागितलं होतं."

आता ते वरचेवर जळगाव जामोदला जातात, त्याच गाडीतून. विषय अजून संपलेला नाही. पूर्णेच्या पुलावर त्यांना पाहिलेले लोक सांगतात, की टप खाली असतो आणि दोघांचे हात चालू असतात. गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येते. दोघं पंचक्रोशीत माझी शिफारसही करतात. हात चांगला आहे पोराचा, फक्त इंजिनातलं कळत नाही, एवढं दोघांचं एकमत आहे.

तेव्हापासून कुणी गिऱ्हाईक विचारतं, की इंजिन कशानं गेलं, तर मी आधी त्याच्यासोबत कोण आलंय ते बघतो. मग सांगतो, जुनं झालं होतं.