धनेशाची मादी

ही वही कुणाच्या हाती लागली, तर शुद्धलेखनाच्या चुका आणि माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर माफ करा. मी चौथीच शिकले.

अमेरिकेत वेस्ट विंडसरला मुलाकडे राहून मी विद्यापीठातल्या मुलांना डबे द्यायचे. लाजेपोटी दाराची साखळी न काढता फटीतून डबा सरकवायचे. त्यातला एक दाढीवाला आफ्रिकेतल्या धनेश पक्ष्यावर संशोधन करायचा. जिन्यातच डबा उघडून, मान वाकडी करून आधी वास घ्यायचा. नाव विचारायचा मला धीर झाला नाही.

एकदा म्हणाला, "काकू, धनेशाची मादीपण अशीच ढोलीचं दार लिंपून आत बसते. नर तिला फटीतून भरवतो."

"इथे तर नरच आयतं गिळतोय," मी म्हटलं. जन्मातलं पहिलं उलट उत्तर!

पुढे त्याची ग्रँट, म्हणजे संशोधनाचे पैसे, अडकली. ढोल्यांची झाडं तुटायच्या आत त्याला आफ्रिकेत जाऊन तिथली घरटी मोजायची होती. मी डब्यांचे साठवलेले चारशे डॉलर फटीतून बाहेर सरकवले.

"आई, ते पाखरू उडालं," मुलगा हसला.

आठ महिन्यांनी बेल वाजली. फटीतून दाढी दिसली. मी साखळी काढली, दार सताड उघडलं आणि त्याने परत आणलेल्या नोटा त्याच्यासमोरच मोजल्या. पूर्ण चारशे होते.