मुठीएवढा साचा

"मोठं हाय."

साच्यात मूठ ठेवायची, ती डावी-उजवीकडे हलवून कडेपाशी किती जागा उरते ते बघायचं, आणि एवढं म्हणून साचा माझ्याकडे ढकलायचा. वलवणच्या त्या बाईंची खरेदी इथून सुरू व्हायची आणि बहुतेक वेळा इथंच संपायची.

मला त्या आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा ठेवायला नको.

लोणावळ्याच्या बाजारात माझं केकच्या सामानाचं दुकान आहे. पूर्वी वडील तिथं स्टीलची भांडी विकायचे. आता शनिवार-रविवारी बंगले भरतात, तिथं वाढदिवस होतात, आणि घरी केक करून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली झाल्यात. त्यांना मी साचे, बटर पेपर, कोको, इसेन्स विकते. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं हे वडिलांनी शिकवलं होतं. ते शिक्षण या बाईंपुढे टिकलं नाही. तुम्ही कधी गल्ल्यावर बसला असाल तर असं एखादं गिऱ्हाईक तुमच्याही वाट्याला आलं असेल. ते लांबून दिसलं की आतल्या खोलीत काहीतरी काम आठवतं.

बाई साठीच्या पुढच्या, उंच, ताठ. वलवणला एका बंगल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं स्वयंपाक केला होता. केक तिथंच शिकल्या. मालकांनी बंगला विकला तेव्हा मालकीणबाईंनी आपला छोटा ओव्हन यांना देऊन टाकला. घरात त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच.

"पोरी, सगळ्यात बारकं भांडं दाव." चाळिशी उलटलेल्या मला हे पहिलं वाक्य.

मी सहा इंची साचा दिला. मूठ. मोठं हाय. पाच इंची दिला. मूठ. मोठं हाय. चार इंचीत मूठ नीट बसली, तेव्हा त्यांनी साचा उलटा करून टिचकी मारली. "ह्यो बरा. पर पत्रा कागदावानी हाय."

मी समजावून सांगितलं. लहान साचा उथळ घेऊ नका, केक कोरडा पडतो. काळ्या मुलाम्याचा तर नकोच, कड लवकर करपते. अर्ध्याच्या जरा वर भरा आणि मोठ्या केकच्या निम्म्या वेळातच ओव्हन उघडून बघा.

"मला शिकवू नगं. तुज्या लग्नाआधीपास्नं केक करत्येय मी," असं म्हणून त्यांनी नेमका काळा आणि उथळ साचा उचलला.

पुढच्या आठवड्यात साचा परत आला. आत कोळसा चिकटलेला.

"भांडं खोटं निगालं."

"भांडं चांगलं आहे, मावशी. तुम्ही जास्त वेळ ठेवलात."

"म्हंजे मी येडी?"

आवाज एवढा चढला की दुकानातल्या दोन बायका सामान न घेताच गेल्या. ब्याद टळावी म्हणून मी साचा बदलून दिला आणि त्या संध्याकाळीच पाटी लावली : 'वापरलेले साचे परत घेतले जाणार नाहीत.' पाटी अजून आहे. ती एकाच माणसासाठी लिहिली आहे हे बाकीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. त्या माणसाला मात्र लगेच कळलं.

"ह्ये माज्यासाठी व्हय?"

"सगळ्यांसाठी आहे."

"मग अक्षर तरी जरा बरं काढायचं."

त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या, चार इंचीहून लहान काही आलंय का ते बघायला. एकदा मी विचारलंच, एवढ्याशा केकनं दोघांचं तरी काय होतं?

"आमाला पुरतं. उरत न्हाई, ह्ये म्हत्त्वाचं."

"उरलं तर काय बिघडलं?"

"उरलं की द्यावं लागतं."

मग सगळं बाहेर आलं. धाकटी जाऊ भिंतीपलीकडे राहायची. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली. भांड्यांचीही वाटणी झाली. कार्याची मोठी पातेली, पराती सगळ्या जावेकडे गेल्या, यांच्या वाट्याला बारीकसारीक भांडी आली. "मोठी तिला, बारकी मला. बरं. मग आता बारकंच करीन," असं यांनी तेव्हाच बोलून ठेवलं होतं. पण भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती, वर फट होती. केक फुलला की वास पलीकडे जायचा. वास गेला आणि मागोमाग ताटली गेली नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. रिवाज उघड मोडला तर गाव नावं ठेवणार. म्हणून बाईंनी ही तोड काढली. करायचंच एवढं की उरायला नको.

इतका विचारपूर्वक केलेला कद्रूपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

जाऊही काही कमी नव्हती. ती मुद्दाम भरभरून पाठवायची. करंज्या, शेंगदाण्याचे लाडू, रव्याच्या वड्या. "डिवचायला पाठवती," बाई म्हणायच्या. आलेली ताटली रिकामी परत करायची नाही आणि तिच्यात घालायला तर काही उरत नाही, म्हणून जावेच्या ताटल्या यांच्या फळीवर साठत चालल्या होत्या.

"चिमूटभर साखर घालून द्या की," मी म्हटलं.

"साकर? मी केक करती ह्ये अख्ख्या गावाला ठाव हाय, आन साकर पाठवू?"

"मग केक पाठवा."

"उरत न्हाई."

असल्या माणसांशी वाद घालताना आपणच मूर्ख ठरतो.

एका शनिवारी माझा तोल गेला. दुकान गच्च भरलेलं आणि या बाईंनी सगळे छोटे साचे गल्ल्यावर मांडून एकेकात मूठ घालायला सुरुवात केली. मी मोठ्यानं म्हणाले, "मावशी, याहून लहान हवं असेल तर चमच्यात भाजा!" सगळं दुकान हसलं. बाईंनी साच्यातून मूठ काढली, पदर सारखा केला. "तुज्या दुकानात पुन्ना पाय ठेवनार न्हाई," म्हणाल्या आणि गेल्या. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. दिवसभर मी हसतखेळत होते.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका दुपारी बाई पायरीवर उभ्या. आत आल्या, पण मूठ पुढे आली नाही.

"चार इंची किती हायेत तुज्याकडं?"

"का?"

"ती चालली."

जावेचा मुलगा तळेगावच्या कारखान्यात होता. त्यानं तिथल्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. पलीकडच्या अर्ध्या घराला कुलूप घालून आईला तो घेऊन चालला होता.

"मग सुटलात की," मी म्हणाले. चमच्याची गोष्ट मी विसरले नव्हते, त्याही विसरल्या नसणार.

"व्हय. सुटले." पण त्या तशाच उभ्या राहिल्या. "तिच्या ताटल्या हायेत माज्याकडं. आता द्याया पायजेत. रिकाम्या कशा देऊ?"

"एकच मोठा केक करा आणि तुकडे करून सगळ्या ताटल्यांत ठेवा. आठ इंची साचा देते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा पूर्वीचा राग आला. "कापून? कापलं की एक तुकडा मोटा, एक बारका. वाटणीत त्येच तर झालं. आख्खा द्यायचा. ताटलीगणिक एक."

गल्ल्यावरचे सगळे चार इंची साचे संपले, तरी ताटल्या संपेनात. आतल्या खोलीत जाऊन मला आणखी काढावे लागले. पिशवी देताना मी पाटीकडे बोट केलं. "वाचता येतंय मला," त्या म्हणाल्या.

नंतर आल्या त्या फक्त बातमी सांगायला. साचा घ्यायचाच नव्हता. सगळ्या ताटल्या गेल्या, पण शेवटचा केक साच्यातून निघेना, म्हणून तो साच्यासकट दिला.

"बटर पेपर घातला नव्हता?"

त्या वरच्या फळीकडे बघत राहिल्या. "न्हाई घातला."

आयुष्यभर बंगल्यावर केक केलेली बाई बटर पेपर विसरत नाही, हे मला कळतं, तुम्हालाही कळत असेल.

"आता ती भांडं रिकामं कसं देईल?" बाई म्हणाल्या. एवढ्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि जाऊ आली. तळेगावहून गाडीनं, साच्यात लाडू घालून. यांनी दारातच साच्यात डोकावून पाहिलं. "वरपातुर भरलेलं न्हाई. भरून आण." लाडू ठेवून घेतले आणि साचा परत धाडला. पुढच्या खेपेला साचा भरून आला, तर वर झाकण नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेला झाकायला कागद होता, पण एक लाडू बसका होता. प्रत्येक वेळी लाडू यांच्या डब्यात आणि साचा जावेच्या पिशवीत. हे सगळं बाई मला दुकानात येऊन रंगवून सांगायच्या, गिऱ्हाइकांची वाट अडवून.

"किती दिवस दमवणार तिला?"

"येती तवर," बाई म्हणाल्या.

या थंडीत बाई गेल्या. झोपेतच. वलवणच्या एका गिऱ्हाइकानं सामान घेता घेता सांगितलं. मला वाईट वाटलं. न आवडणाऱ्या माणसाचं वाईट वाटलं की फार चिडचिड होते. त्या दिवशी मी दोन-तीन जणींवर उगाच खेकसले.

काही दिवसांनी एक बुटकी, गोल बाई दुकानात आली. पिशवीतून तिनं चार इंची साचा काढून गल्ल्यावर ठेवला. कड काळवंडलेली. काठोकाठ लाडू, वर बटर पेपर, त्याला दोरा बांधलेला.

"वलवणला गेलते," ती म्हणाली. "घरात थोरलं भावजी एकलंच. त्यांना देत हुते, तर म्हनले, तुमा दोगींचं हाय, मी मदी पडनार न्हाई. भांडं तुमच्या हितलं. तुमीच ठेवून घ्या." साच्यावरचा हात मात्र तिनं उचलला नाही.

मी पाटीकडे बोट दाखवलं. "वापरलेला साचा परत घेत नाही, मावशी."

तिनं पाटी ओठ हलवत सावकाश वाचली. वाचून झाल्यावरही बघत राहिली.

"अक्षर काय बरं न्हाई," ती म्हणाली.

मग तिनं साचा पुन्हा पिशवीत ठेवला आणि पिशवी पोटाशी धरून ती पायऱ्या उतरली.