खंडेनवमीला वाटलेल्या गोळ्या

मला लोकांना सांगायची फार हौस. कुणाचा नळ गळत असो की कुणाची सोयरीक अडलेली असो, मी न विचारता दोन शब्द सांगून मोकळा. बासष्ट साली चिंचवडला एका कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून लागलो आणि पुढे टूलरूममध्येच मुरलो. तिथं आमचं सगळं काम मापात. केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो. अशा कामात माणसाला हळूहळू वाटायला लागतं की आपलं काही चुकतच नाही. माझी बायको म्हणायची, तुम्ही देवालासुद्धा मायक्रोमीटर लावाल. मला ते कौतुक वाटायचं.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात, चाळिशीलाही दोन वर्षं कमी असताना, कामावरच माझ्या छातीत कळ आली. डाव्या हाताला मुंग्या, अंगाला दरदरून घाम. शेजारच्या लेथवर माझा मित्र होता. तो मूळचा चाकणकडचा, जुन्या मुसलमान घरातला, आमच्या खात्यातला सगळ्यात चांगला टर्नर. त्यानं मशीन बंद केलं, मला पाठुंगळी घेतलं आणि गेटवर उभ्या असलेल्या टेम्पोत घातलं. दवाखान्यापर्यंत माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं. झटकाच होता, पण वेळेत पोचलो म्हणून वाचलो.

घरी सोडताना हृदयाच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून एकेक प्रश्न विचारला. पोटात कधी अल्सर झाला होता का? जळजळ होते का? उलटीतून किंवा शौचातून कधी रक्त पडलं का? अंगदुखीच्या गोळ्या घेता का? दारू? दमा? मी सगळ्याला नाही म्हणालो, आणि ते खरंही होतं. मग ते म्हणाले, साधी डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी, तिचा पाव भाग रोज जेवणानंतर घ्यायचा. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. हे तसं नवीन आहे, सगळे डॉक्टर अजून देत नाहीत, पण तुम्हाला झटका येऊन गेलाय म्हणून देतोय. उपाशीपोटी घेऊ नका. आणि डांबरासारखी काळी शौच झाली तर त्याच दिवशी मला येऊन भेटा.

कामावर परत गेलो तो या पाव गोळीचं कौतुक घेऊनच. घरी विळीवर गोळी कापली की एक तुकडा मोठा, एक बारीक, आणि बाकीचा भुगा. मला ते सहन होईना. मी पितळेचा एक ठोकळा मिलिंग मशीनवर धरला, गोळीच्या मापाची खोबण काढली आणि वर फुलीच्या आकाराचं पातं बसवलं. एकदा दाबलं की चार सारखे तुकडे. कंपनीचं पितळ, कंपनीचा वेळ, पण साहेबसुद्धा बघायला आले आणि वा म्हणून गेले. पोरं मला डॉक्टर म्हणायला लागली. चेष्टाच होती ती, पण मला गोड लागायची.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. त्या दिवशी आमच्याकडे मशीन धुऊनपुसून, हार घालून पूजा व्हायची आणि पेढे वाटले जायचे. मी आदल्या दिवशी बाटलीभर गोळ्या आणून साच्यात कापल्या होत्या. कागदाच्या पुड्या बांधल्या आणि चाळिशीच्या आसपासच्या प्रत्येकाच्या हातावर पेढ्याबरोबर एक पुडी ठेवली. रोज एक तुकडा, म्हटलं, म्हणजे माझ्यासारखी पाळी येणार नाही. काहींनी हसून खिशात टाकली. काहींनी प्रसादासारखी कपाळाला लावली. डॉक्टरांनी दिलेलं उत्तर मी सगळ्यांना वाटत सुटलो होतो. त्याआधी त्यांनी विचारलेले प्रश्न मी एकालाही विचारले नाहीत.

टर्नरनं पुडी हातात धरून विचारलं, "मला चालंल का राव? मला तर काय झालं न्हाई."

"तुझे वडील कशानं गेले?"

"छातीत कळ आली अन् गेले. पन्नाशी बी न्हवती."

"मग तुला तर हवीच," मी म्हणालो.

त्याला पित्ताचा त्रास आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज चहाच्या सुट्टीत तो पाण्यात खायचा सोडा घालून प्यायचा, आणि मीच त्याला सोडाबाटली म्हणून चिडवायचो. ओव्हरटाइम झाला की कंबर धरायची, म्हणून टपरीवरून दुखण्याची गोळी आणून खायचा, तेही माझ्यादेखत. पण चिडवणारा मी आणि गोळी देणारा मी, या दोघांची गाठ माझ्या डोक्यात काही पडली नाही. त्याची पुडी संपली की मी दुसरी द्यायचो. आठ-नऊ महिने असं चाललं.

मग रमजान आला. त्यानं मला विचारलं, रोज्यात गोळी कशी घ्यायची. त्यानं मौलवींना विचारलं नाही, कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही, मला विचारलं. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, रोजा सोडताना घे, खजुराबरोबर, म्हणजे विसरायला नको. दिवसभराच्या रिकाम्या पोटात पहिल्यांदा पडायची ती माझी गोळी. जेवणानंतर हे दोन शब्द मी स्वतः एकही दिवस विसरलो नव्हतो.

शेवटच्या आठवड्यात तो मला सुकलेला दिसला. जिना चढताना कठड्याला धरून थांबायचा. एकदा हात धुताना हळूच म्हणाला, "राव, परसाकडला काळं व्हतंय. डांबरावानी. दोन-तीन दिस झालं."

मी म्हणालो, "खजूर जास्त खातोस, त्यानं होतं."

हे वाक्य मी कितीदा उलटून-पालटून पाहिलं असेल. मला डॉक्टरांचं बोलणं तेव्हा आठवलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. आठवलं होतं. त्यांचा डांबर हाच शब्द यानं उच्चारला होता. पण ते मान्य केलं असतं तर माझी गोळी चुकली असं झालं असतं, आणि खंडेनवमीच्या सगळ्या पुड्या चुकल्या असं झालं असतं. म्हणून मी खजुरावर ढकललं आणि हात पुसून मशीनवर गेलो.

तिसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तो लेथसमोर कोसळला. तोंडातून कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली. कंपनीच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. त्याच्याजवळ मी बसलो होतो, आणि पुढं वेल्फेअरचे साहेब. टर्नरचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, हाताला गार घाम. मी त्याचा हात धरून काहीबाही बोलत होतो. त्यानं एकदाच डोळे उघडून घरी निरोप द्यायला सांगितलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं नाडी धरली आणि मान वर करून विचारलं, "कुठल्या गोळ्या घेतो का हा? दुखण्याच्या, ॲस्पिरिन, असं काही?"

भाभी, म्हणजे त्याची बायको, अजून पोचली नव्हती. तो शुद्धीत असून नसल्यासारखा. प्रश्न मलाच होता. साहेब माझ्या खांद्याजवळ उभे होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पित्ताला सोडा घेतो तेवढं माहीत आहे."

कंपनीच्या पितळेचा साचा, नोकरीची भीती, असली कारणं मी नंतर जुळवली. खरं कारण त्याहून हलकं होतं. डॉक्टर म्हणवून घ्यायची चटक लागली होती, आणि खऱ्या डॉक्टरसमोर ती उघडी पडायला नको होती. माझा मित्र समोर रक्त ओकत असताना मी माझी अब्रू सांभाळत होतो.

रक्त हवं होतं. शिफ्ट सुटल्यावर आमच्या खात्यातली माणसं थेट दवाखान्यात आली आणि भिंतीला टेकून रांगेत उभी राहिली. मीही उभा राहिलो. नर्सनं विचारपूस करून मला बाजूला काढलं. हृदयाच्या पेशंटचं रक्त चालत नाही म्हणाली. भाभीनं ते ऐकलं आणि मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ, तुमी हाय तेवढंच लई हाय."

चार बाटल्या चढल्या. दोन दिवस काही खरं नव्हतं, मग रक्त थांबलं. जुन्या पित्तानं जखम झाली, ती फुटली, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं. कुणीच खरं सांगितलं नसल्यावर ते बिचारे दुसरं काय सांगणार? ईद त्यांची दवाखान्यातच गेली. मी रोज जाऊन बसायचो. इकडे भीतीनं मी माझी स्वतःची गोळीही बंद करून टाकली होती, तीही कुणाला न विचारता.

तो घरी आल्यावर मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो. भिंतीला उशी लावून बसला होता, गालाची हाडं वर आलेली. भाभी आतून सुपारीची एक डबी घेऊन आली. उघडली तर आत माझे तुकडे, सगळे एका मापाचे.

"भाऊ, दवाखान्याच्या गडबडीत ह्याची ही गोळी चुकली," ती म्हणाली. "आज रातच्यानं दुधासंगं सुरू करू का?"

मी म्हणालो, "या नका देऊ. जुन्या झाल्यात. हवा लागली की खराब होतात."

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तो म्हणाला, "मग ताज्या आणतो की दुकानातनं. तुझा साचा दे दोन दिस. मरता मरता वाचलो, आता काळजाची हयगय न्हाई करायची."

त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी कसलीही शंका नव्हती. मी आणखी एक थाप मारली असती तर तीही त्यानं खरी मानली असती, आणि पोट पुन्हा फुटलं असतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं. म्हणालो, याच गोळीनं तुझं रक्त गेलं. तुझ्या पित्तावर ही द्यायचीच नसते. दुखण्याच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही. उपाशीपोटी घे असं मीच सांगितलं. काळी शौच म्हणजे आत रक्त जातंय, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं.

त्यानं भाभीच्या हातातली डबी घेतली आणि मिटली. मग म्हणाला, "दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं आसंल की, काय गोळ्या खातो म्हनून."

"विचारलं."

"तू व्हतास न्हवं तितं?"

"होतो."

"काय म्हनलास?"

"माहीत नाही म्हणालो."

त्यानं मान भिंतीकडे फिरवली. तिकडेच बघत म्हणाला, "उद्या चल आमच्यासंगं. डॉक्टरला तूच सांग."

दुसऱ्या दिवशी त्या तरुण डॉक्टरसमोर मी सगळं सांगितलं. त्यानं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी त्या दिवशी तुम्हालाच विचारलं होतं." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं टर्नरच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं की याला ॲस्पिरिन आणि दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, आणि तो कागद कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी दाखवायला सांगितलं. मग माझ्याकडे वळला. झटका येऊन गेलेल्याला हिचा उपयोग आहे, पण ती कुणाला द्यायची हे त्याचं पोट, त्याची बाकीची औषधं बघून ठरवतात, म्हणाला. धडधाकट माणसाला प्रसाद म्हणून वाटत नाहीत. मी माझीही बंद केली आहे असं सांगितलं तेव्हा मात्र तो चिडला. "सुरू करायचं शहाणपणही तुमचंच आणि बंद करायचंही तुमचंच? ज्यांनी दिली त्यांना आजच जाऊन विचारा." मी त्याच संध्याकाळी गेलो, तिथंही बोलणी खाल्ली, आणि माझी गोळी परत सुरू झाली. पुढचा आठवडाभर मी टूलरूममध्ये एकेकाच्या मशीनपुढे उभा राहून पुड्या परत मागितल्या. का, ते प्रत्येकाला सांगावं लागलं. पोरांनी मला डॉक्टर म्हणायचं सोडून दिलं.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी दवाखान्यातून बाहेर पडून आम्ही तिघं बसथांब्यावर उभे होतो. टर्नर खांबाला टेकला होता. भाभी आदल्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता रस्त्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, रोजा सुटायच्या वक्ताला आमी दुवा मागतो. त्या वक्ताला मागितलेलं अल्ला ऐकतो म्हनत्यात. ह्याच्या हातावर ती गोळी ठेवताना मी रोज तुमच्यासाठी मागायची. तुमचं काळीज बरं ऱ्हावं म्हनून."

बस आली. टर्नरला पायरी चढवेना, म्हणून मी हात पुढं केला. त्यानं हाताकडे पाहिलं, मग बसचा दांडा धरला आणि दोनदा थांबत, धापा टाकत एकटाच वर चढला.