भुईवर घेतलेली माणसं

मी लढाईवर गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी हिरमुसायला नको. गावातली माणसं पारावर बसवून घेतात आणि विचारतात, "आबा, निजामसरकारच्या रिसाल्यात होतात, किती गडी मारले?" एकही नाही. चार वर्षं सवार होतो, त्यानंतर वॉर्ड अर्दली. माझ्या वाट्याला माणसं जपायचं काम आलं. ते किती जड असतं हे कुणी विचारत नाही, म्हणून आज न विचारता सांगतो.

मी कडा गावचा. घोड्यानं गुडघ्यावर लाथ मारली आणि तीन महिने पाय वाकला नाही. रिसालदारसाहेबांनी कागदावर शिक्का मारला: स्वारीच्या कामाचा नाही, दवाखान्यात तैनात. झाली माझी बदली. तुकडीतल्या गड्यांना हसायला आयतं कारण मिळालं. आजाऱ्याचं अंग पुसायचं, त्याचं भांडं उचलायचं, हे बायकांचं काम, असं सगळ्यांचं मत. त्यात दफेदार सखाराम सगळ्यांच्या पुढं. तलवाड्याचा उंचापुरा गडी, मिशीला रोज तूप लावायचा. मी दिसलो की ओरडायचा, "आली बे आपली सुईणबाई! कुणाचं पोट दुखतंय?" मी पण सोडत नसे. म्हणायचो, "दफेदारसाब, तुमचं बाळंतपण फुकटात करतो."

मोठी लढाई संपत आली त्या साली पावसानं दगा दिला आणि दसऱ्याच्या तोंडावर मानमोडीची साथ आली. नाव बरोबर होतं, ताप चढला की माणसाची मान उभी राहत नसे. एका सकाळच्या हजेरीला आठ सवार आले नाहीत. दुसऱ्या दिवशी हुकूम झाला: आजारी माणसं बीडच्या छावणीतून हलवा, पालीच्या बाजूला बिंदुसरा नदीच्या काठी कँप लावा. चार तंबू, एकेका तंबूत दहा खाटा. दुसरा तंबू माझ्याकडे. भोवती दोरी, दोरीच्या आत बाहेरच्यानं यायचं नाही.

माझ्या जोडीला बाबूमियाँ. बीडचाच, पन्नाशी उलटलेला, पूर्वीचा भिस्ती. सुरुवातीला हिंदू सवार त्याच्या हातचं पाणी घेत नसत. तिसऱ्या दिवशी तापानं ते सोवळं मोडलं. वर डॉक्टरसाहेब, गुलबर्ग्याकडचे, कमी बोलणारे. पाच वाजता उठायचं. साडेपाचला थर्मामीटर. मला लिहिता येत होतं म्हणून चार्ट माझ्याकडं. मग अंग पुसणं, पेज, औषध, चादरी उकळणं. दुपारी पुन्हा थर्मामीटर, संध्याकाळी पुन्हा. पहिल्या आठवड्यात मी या कामात तरबेज झालो, आणि तिथंच माझी चूक झाली.

चार नंबरच्या खाटेवर सवार नामदेव होता. पाटोद्याकडचा, स्वतःच्या घोडीशी दिवसभर गप्पा मारणारा. सहाव्या दिवशी दुपारी तीनला त्याचं अंग गार पडायला लागलं. कपाळावर घाम, ओठ निळे, डोळे वर गेलेले, घशात घरघर. त्याच्या गावचे दोन सवार दोरीपलीकडून बघत होते. त्यातला थोरला म्हणाला, "गणपतराव, गडी चालला. खाटेवर जाऊ देऊ नका. पाया पडतो तुमच्या."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. खाटेवर जीव गेला की माणूस अधांतरी राहतो, आभाळाचा नाही की भुईचा नाही. म्हणून जीव जायच्या आत खाली घ्यायचं. माझ्या आईला मीच भुईवर घेतलं होतं. डॉक्टरसाहेब औषधं आणायला बीडला गेले होते, आणि ते असते तरी मी विचारलं नसतं. आमच्यात हे कुणाला विचारायचं काम नसतं. मी आणि बाबूमियाँनं नामदेवाला उचललं, घोंगडीवर ठेवलं, तोंडात दोन थेंब पाणी घातलं. चार वाजले होते. खरं सांगतो, मला बरं वाटलं. एक काम धर्मानं केलं असं वाटलं.

पाच वाजता नामदेवानं डोळे उघडले. नजर साफ होती. त्यानं आधी खाटेच्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गणपत, मला खाली कावून घेतलं?"

"खाट साफ करायची हाय."

"मी मरायलोय व्हय?"

"न्हाई बे. खाट साफ करायची हाय म्हनलं ना."

मरणाऱ्याला भुईवर घ्यायची रीत त्याच्याही गावात होती. त्यानं तोंड तंबूच्या कापडाकडं केलं. मी त्याला परत वर घ्यायला निघालो, तर दोरीपलीकडचे दोघं कळवळले. उतरवलेला माणूस पुन्हा चढवत नसतात, यमाला चाळवू नका म्हणाले. मी ऐकलं. माझंही मन तेच सांगत होतं. नदीकाठची ती ओल, वर दव. नामदेव रात्रभर भुईवर राहिला. पेजेची वाटी मी दहा वेळा ओठाला लावली, त्यानं दात उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता गेला.

डॉक्टरसाहेब त्याच्या आधी तासभर परत आले होते. त्यांनी चार्ट बघितला. ह्या तापाची एक तऱ्हा असते. सहाव्या-सातव्या दिवशी तो झटक्यात उतरतो, घाम सुटतो, अंग गार पडतं. मग माणूस एक तर जातो, नाही तर उठून पेज मागतो. नामदेवाची नाडी दुपारी चांगली होती. ती माझ्याच हातानं चार्टवर लिहिलेली होती.

"ये किसने लिखा?"

"मैंने, साब."

"लिखा, मगर पढा नहीं."

एवढंच बोलले. संध्याकाळी चारी तंबूंना हुकूम आला. कुणालाही खाटेवरून खाली घ्यायचं नाही, माणूस मेल्यावरसुद्धा डॉक्टर बघेपर्यंत नाही. मी "जी साब" म्हणालो. त्या रात्री बाबूमियाँला सांगितलं, मला घोड्यांकडं परत जायचंय, लंगडत खरारा करीन, पण हे नको. बाबूमियाँ म्हणाला, "घोडे भी बीमार पडते, गणपत. उठ, सात नंबर को पानी दे."

सात नंबरवर त्याच दिवशी दफेदार सखाराम आला होता. दोघांनी धरून आणला, तरी तंबूत पाय टाकताच म्हणाला, "आलो बे सुईणबाई, बाळंतपणाला." मी हसलो. चौथ्या दिवशी त्याला बोलताना धाप लागायला लागली. मिशीचं तूप केव्हाच उतरलं होतं. अंग पुसत होतो तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

"गणपा, माजा बाप खाटेवर गेला. माय त्या दिसापासून आजपतुर रडती. माजी येळ आली तर मला खाली घे."

"दफेदारसाब, हुकूम हाय."

"हुकूम मला नको सांगू बे. मी दफेदार हाय. शबूद दे."

मी शब्द दिला. आजारी माणसाला तोंडावर नाही म्हणवत नाही. ह्या कामातली ही सगळ्यात वाईट खोड, आणि मला ती आजही आहे.

सहाव्या दिवशी त्याची आई तलवाड्याहून बैलगाडीनं आली. बायजाबाई नाव, काठीसारखी बाई. डॉक्टरसाहेबांनी तोंडाला फडकं बांधायला लावून तिला तंबूच्या दाराशी बसायची परवानगी दिली. सातव्या दिवशी सकाळी दहाला दफेदाराचा ताप एकशे तीन. अकराला शंभराच्या खाली. घाम फुटला, ओठ निळे झाले, घरघर लागली. थेट नामदेवासारखं. नाडी बघितली. होती, पण नामदेवाइतकी चांगली नव्हती. मी डॉक्टरसाहेबांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "शाम तक पता चलेगा. गर्म रखो." आणि पुढच्या तंबूत गेले, तिथं तिघं असेच होते.

मी विटा तापवून फडक्यात गुंडाळल्या, पायांशी आणि कुशीला लावल्या. सुंठ उगाळून तळव्यांना चोळायला लागलो. म्हातारी उठून आत आली.

"लेकरा, खाली घे रं त्याला."

"माय, अजून आस हाय."

"मी नवरा घालवलाय, दोन लेकरं घालवलीत. मला नको शिकवू. खाली घे."

"हुकूम न्हाई, माय. भुई ओली हाय. थंडीनं जाईल तो."

"आन् अदांतरी गेला तर?"

तिनं पदर माझ्या पायांवर टाकला. मी मागं सरलो. दफेदाराला शुद्ध नव्हती, पण मला वाटत होतं की तो ऐकतोय आणि मी दिलेला शब्द मोजतोय. बाबूमियाँ माझ्याकडं बघत होता. मी खाली घे म्हणालो असतो तर त्यानं दफेदाराला उचलायला पाय धरले असते. मी म्हणालो नाही. मी तळवे चोळत राहिलो.

मग म्हातारी ताठ झाली. म्हणाली, "तुजी मानसं तुला असंच खाटेवर मरताना बगतील. कुनी खाली घ्यायचं न्हाई." आणि बाहेर गेली.

दीड वाजता परत आली तेव्हा पदरात काहीतरी बांधून आणलं होतं. नदीकाठची माती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाटेपाशी बसली, लेकाच्या पाठीखाली एक मूठ सारली, टाचांखाली एक मूठ, आणि उरलेली त्याच्या उजव्या हातात देऊन बोटं मिटली. लेकाला भुईवर घेता येईना, तर बाईनं भुईच वर आणली. तापाच्या वॉर्डात ओली माती! मी तिला अडवायला हवं होतं, ड्यूटी तीच होती. मी वीट बदलायला बाहेर गेलो आणि मुद्दाम वेळ लावला.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी दफेदार सखाराम खाटेवर गेला. शेवटपर्यंत मूठ मिटलेली होती.

डॉक्टरसाहेब आले. नाडी बघितली, त्याचे डोळे मिटवले. मग चादरीवरचा चिखल त्यांना दिसला.

"ये क्या है?"

"माती, साब. मी आणली."

म्हातारीनं मान वर केली. डॉक्टरसाहेब तिच्या हातांकडं बघत होते. तिच्या नखांत माती होती, माझे हात सुंठेनं माखलेले होते. त्यांनी चार्टवर वेळ लिहिली आणि पेन्सिल खिशात ठेवली. दारातून म्हणाले, "अगली बार सूखी. तवे पर भूनके."

म्हातारीनं लेकाच्या मुठीतली माती काढून पदराच्या गाठीत बांधली. गाडीत बसायच्या आधी माझ्यापाशी आली. "तू बाहेर गेलतास, ते मला कळलं," म्हणाली. "पन तोंडातून गेलं ते गेलं. मागं घेता येत न्हाई." मी म्हणालो, "असू द्या, माय." मीही शब्द दिला होता आणि मोडला होता. आमची फिटंफाट झाली असं तिला वाटलं असेल. मला तसं वाटलं नाही.

त्या दिवसापासून बाबूमियाँ आणि मी माती वाळवून तव्यावर भाजायला लागलो. फडक्याची लहान पुरचुंडी करायची आणि उशाखाली ठेवायची. पण कुणाच्या ठेवायची? वाईट झालेल्याच्या ठेवली तर त्याला कळणार, नामदेवाला कळलं तसं. म्हणून सगळ्यांच्या ठेवायची, माणूस आला त्याच दिवशी. विचारलं तर सांगायचं, ताप ओढून घेते. जे बरे होऊन गेले त्यातल्या काहींनी तर ती पुरचुंडी औषध म्हणून घरी नेली. मी नेऊ दिली.

दहा-बारा दिवसांनी बाबूमियाँ आडवा झाला. पुरचुंडी घेऊन गेलो तर म्हणाला, "मला कशाला बे? आम्हाला शेवटी मातीतच ठेवतात." मग स्वतःच डोकं उचलून म्हणाला, "ठेव. सगळ्यांना हाय ना." पाचव्या दिवशी, दुपारच्या थर्मामीटरच्या वेळेला, तो गेला. त्याचा चार्ट मी दोनदा वाचला होता. दवाखान्यातल्या जोडीदारासाठी रडायला वेळ नसतो म्हणतात. मी रडलो. नऊ खाटा वाट बघत होत्या तरी रडलो.

दिवाळीनंतर कँप उठला. मी पुढं सात वर्षं दवाखान्यातच राहिलो. आज माझ्या घरी खाट आहे, सुनेनं तिच्यावर गादी घातली आहे, मी खाली निजतो. पोरांना वाटतं फौजेची सवय. बायजाबाईच्या शापाला मी भीत नाही. पण उगाच कुणाला तसदी नको.

दसरा आला की तिघांची नावं घेतो. दफेदार सखाराम, तलवाडा. बाबूमियाँ, बीड. सवार नामदेव, पाटोद्याकडचा. दफेदाराला मी खाली घेतलं नाही, त्याचं उत्तर माझ्यापाशी आहे. ते त्याला पटेल न पटेल. नामदेवानं मला सरळ विचारलं होतं, खाली कावून घेतलं, आणि मी म्हणालो होतो, खाट साफ करायची आहे. खाट साफ होती. सकाळीच मी ती पुसली होती.